नैऋत्येचा कोपरा

जोलीनने पत्र वाचून संपवलं आणि हसऱ्या चेहऱ्याने वर पाहिलं. तिला वाटलं होतं, अल्बीनाकाकू खूश होईल. पण टेबलाभोवती कोणाचाच काटा हलत नव्हता. बदकाच्या रश्शावर चरबीची साय धरू लागली होती, आणि तिच्या वडिलांनी, रूडीने, तोंडाकडे नेलेला घास परत ताटात ठेवला होता.

"परत वाच," रूडी म्हणाला.

"सगळं?"

"शेवटचं तेवढं."

कबरी सजवण्याचा रविवार होता. सकाळी सगळे टेकडीवरच्या दफनभूमीत जाऊन आले होते. कॉफीच्या रिकाम्या डब्यांत पिओनीची फुलं, डब्यांत वजनाला खडे, कारण दक्षिणेचा वारा सकाळपासून गवत लोळवत होता. नेहमीसारखे ते दोन दगडांपुढे जास्त वेळ थांबले. एक जोलीनच्या आजीचा, एक इर्माआत्याचा. आणि दोन्हींवर तारीख एकच, बावीस जून एकोणीसशे एकोणपन्नास. आजी बेचाळीसची होती. आत्या आठ वर्षांची. जोलीनहून अठरा वर्षांनी लहान राहून गेलेली आत्या.

मग थोरल्या एमिलकाकाच्या घरी जेवण. तेही दरवर्षीचंच: भाजलेलं बदक, उकडलेले पावाचे गोळे, आंबवलेली कोबी, खसखशीचे गोड पाव, कोलाचे. नवी होती ती फक्त जोलीनची निळी फाइल. ऑर्डवे काउंटीला येत्या शरदात शंभर वर्षं पुरी होत होती. त्यानिमित्त जाडजूड पुस्तक निघणार होतं, आणि त्यातलं एक प्रकरण शाळेत शिकवणाऱ्या जोलीनच्या गळ्यात पडलं होतं. काउंटीतल्या सोंडांचा इतिहास.

या भागात कोणी चक्रीवादळ म्हणत नाही. ढगातून उतरते ती सोंड. आणि प्रत्येक सोंडेला नाव असतं, तिने जे नेलं त्याचं. जोलीनच्या यादीत पहिली चर्चची सोंड, मग घोड्यांची, मग सतरा सालची शाळेची. दोन ओढ्यांच्या बेचक्यात सोंड उतरत नाही असं जुने लोक छातीठोकपणे सांगत, त्या बेचक्यातच अठ्ठावीस साली उतरली, ती लग्नाची सोंड. नवरीचा जाळीचा बुरखा पाऊणशे मैलांवर एका कुंपणावर सापडला आणि तिथल्या बाईने धुऊन, इस्त्री करून टपालाने परत पाठवला. एकोणपन्नासच्या सोंडेला मात्र काउंटीभर नाव होतं 'कुबिचेकांची', म्हणजे जोलीनच्याच घराण्याची. दुसऱ्यांच्या सोंडेने घोडे नेले होते, घंटा नेली होती. यांच्या सोंडेने यांनाच नेलं होतं.

जोलीनने पुन्हा कागद उचलला.

"'मी मॅथ्यू तेसार, घरं हलवणारा. शाळेच्या सोंडेनंतर मी एकोणीस घरांचे पाये उतरून पाहिले. तेरा ठिकाणी तळघराची नैऋत्येची भिंत आत पडलेली होती. लोक आपल्या पोरांना त्याच कोपऱ्यात बसवतात. मी हात जोडून सांगतो, बसवू नका. वारा घराला आधी उचलत नाही, आधी ढकलतो. जॅक लावून घर सरकवताना मी हे रोज बघतो. ज्या बाजूने धक्का, त्या बाजूची भिंत आधी जाते. ईशान्येला बसवा, नाहीतर जाड टेबलाखाली.'" तिने कागद ठेवला. "बत्तीस सालच्या चेक भाषेतल्या वर्तमानपत्रात छापून आलं होतं. वाचनालयातल्या म्हाताऱ्या मिसेस ह्रूबींनी मला सांगितलं यात काय आहे ते. विद्यापीठवाल्यांना हे कळायला आणखी तीस वर्षं लागली! काकू, तुझे वडील..."

"जोलीन," तिची आई फिलिस म्हणाली, "कोलाचे घे."

"मला नकोत."

"घे म्हणते ना."

एमिलने काटा बाजूला ठेवला. साठीचा, रुंद खांद्यांचा माणूस. बोलणं थोडं आणि तेही हवामानावर. त्याने बायकोकडे पाहिलं. "असं पत्र होतं?"

"होतं," अल्बीना म्हणाली.

"मला कधी बोलली नाहीस."

"तुम्ही सगळे हसलाच होतात त्यांना. आपल्याच लग्नात. माझे वडील तुझ्या वडिलांना हेच सांगत होते, तर ते म्हणाले, 'मॅथ्यू, तू घरं ढकलत राहा, वाऱ्याचं वारा बघेल.' मंडपभर हसले सगळे. तूही हसलास."

"मला आठवत नाही."

"मला आठवतं," रूडी म्हणाला.

तो बायकोकडे, मुलीकडे, भावाकडे पाहत होता. भावजयीकडे नाही.

*

सदतीस वर्षं रूडीच्या डोळ्यांमागे एकच चित्र टांगलेलं होतं, आणि आज कोणीतरी त्याच्यामागे खिळा ठोकून दिला होता.

तळघराच्या झरोक्यातून येणारा तो हिरवा उजेड, काकडीच्या लोणच्याच्या बाटलीतून पाहावा तसा. वडील आणि एमिल घोडे मोकळे सोडायला तबेल्याकडे धावलेले. खाली चौघं. आई, इर्मा, पंधरा वर्षांचा रूडी, आणि चार महिन्यांपूर्वी घरात आलेली अल्बीना. नैऋत्येच्या कोपऱ्यात बरण्यांच्या फळ्या, त्यांच्याखाली दोन माणसांपुरती जागा. समोर ईशान्येला वडिलांचं सुतारकामाचं टेबल, चार बोटं जाड ओकचं. त्याच्याखाली अल्बीना, आणि तिच्या कुशीत इर्मा. शाळेत शिकवलेलं गाणं पोरगी पुटपुटत होती. काउंटीतलं प्रत्येक पोर तेव्हा ते शिकायचं:

जिकडून येईल वारा, बाई, तिकडेच शिर,
भिंतीला लाव पाठ आणि मनात धर धीर.
घर जाईल उडून, बाई, विटा जातील दूर,
कोपऱ्यातल्या चिमणीचा तेवढा राहील सूर.

आणि मग त्याने पाहिलं होतं. अल्बीनाने दोन्ही हातांनी इर्माला टेबलाखालून बाहेर ढकललं. एका हाताने नाही, दोन्ही हातांनी. पोरगी तिचा झगा धरून होती, तर तिने तिची बोटं एकेक करून सोडवली होती.

त्यानंतर सोंड आली. बाहेर पडले ते दोघंच. त्याच्या कपाळावर खोक, आणि तिच्या अंगावर ओरखडासुद्धा नाही.

हे त्याने वडिलांना सांगितलं होतं, आणि मग वडील मरेपर्यंत सुनेशी जेवढ्यास तेवढं बोलले. फिलिसला सांगितलं होतं लग्नानंतर. एमिलला नाही. एमिलला कसं सांगणार? आणि स्वतःशी तरी काय म्हणणार? तेव्हा सगळ्या जगाला ठाऊक होतं की तो कोपरा चांगला. चांगल्या जागी ढकललं, यात पाप कुठलं? एवढ्या एका दगडावर त्याचा संशय दरवेळी अडकायचा. आज तो दगड निघाला.

"तिला ठाऊक होतं," रूडी म्हणाला. आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त भीती वाटली. "एमिल, तुझ्या बायकोला ठाऊक होतं भिंत कुठली पडणार. टेबलाखाली कोण बसलं होतं? ती. इर्माला तिथून बाहेर कोणी काढलं? तिने. दोन्ही हातांनी. मी पाहिलंय."

"काय बोलतोयस, रूडी?"

"जे सदतीस वर्षं गिळलं ते. पुस्तकात यायला पाहिजे. जोलीन, लिही."

"बाबा, मी असं कसं..."

"प्रत्येक हकिकतीखाली दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात ना तुमच्या पुस्तकाच्या कमिटीला? साक्षीदार दोनच उरलेत. एक मी. दुसरीला विचार, सही करतेस का."

जोलीनचं लक्ष मात्र दुसरीकडेच गेलं होतं. लहानपणी वादळाचा भोंगा वाजला की सगळे याच घराच्या तळघरात जमत. ती अल्बीनाकाकूच्या मांडीवर जाऊन बसे, आणि दरवेळी आई काही न बोलता तिला उचलून घेई. एकदाही चुकलं नव्हतं. तिला वाटायचं, आईला वादळाची भीती वाटते.

"आई," ती हळूच म्हणाली, "तुलाही हे माहीत होतं?"

फिलिसने मिठाची बाटली उगाच सरळ केली. "घरात बोलायच्या गोष्टी असतात काही, अन् काही नसतात."

"म्हणजे माहीत होतं."

"मी कोणाला दोष दिला का कधी? तीस वर्षं यांच्या घरी येतेय, तिच्या हातचं खातेय. पण आईचं मन असतं, जोलीन. दोन महिन्यांची पोटुशी होती ती तेव्हा. नंतर तिच्या मुलीवरून हिशेब लागला आम्हाला. डार्लीन जानेवारीतली. पोटातल्यासाठी बाई काय करील सांगता येत नाही. मीही केलं असतं कदाचित."

"तू गप्प बस, फिलिस," अल्बीना म्हणाली. एवढंच. मग ती उठली, एमिल आधीच उठून दाराबाहेर गेला होता.

*

व्हरांड्यात उभं राहून पश्चिमेकडे पाहायचं, ही एमिलची सवय. काउंटीतल्या सगळ्याच पुरुषांची. रेडिओवर तळघरात जा म्हणोत, बायका खालून हाका मारोत, हे आपले बाहेर, हात खिशात, मान वर. आजचे ढग तसले नव्हते. नुसते पांढरे, कापसाच्या गासड्यांसारखे, उत्तरेला चाललेले. तरी तो पाहत राहिला, कारण मागे जाळीचं दार वाजलं होतं आणि त्याला वळायचं नव्हतं.

"डार्लीन जानेवारीतली," तो म्हणाला.

"हो."

"म्हणजे जूनमध्ये तुला कळलं होतं."

"कळलं होतं."

"मला ऑगस्टात सांगितलंस."

"तुझी आई आणि बहीण मातीत जाऊन आठवडा झाला नव्हता. तेव्हा कसं सांगणार, आनंदाची बातमी आहे म्हणून?"

त्याच्या मनाने नको त्या वेळी नको ती बेरीज केली. टेबल, पोटातली पोर, बापाचं पत्र. सदतीस वर्षं ही बाई त्याच्या उशीला उशी लावून झोपली होती. वारा सुटला की ती उठून बसायची. तो म्हणायचा, झोप गं, काही नाही. ती म्हणायची, हो. दोघंही आडवे व्हायचे आणि ती जागी आहे हे त्याला श्वासावरून कळायचं. भीती म्हणून जागी असते, एवढंच त्याने धरून ठेवलं होतं. भीती सोडून दुसरंही काही माणसाला जागं ठेवतं, हे त्याच्या डोक्यात आलंच नाही. की आलं होतं आणि त्याने वळून पाहिलं नाही, आत्ता पाहत नव्हता तसंच?

"अल्बीना. एकच विचारतो."

"विचार."

"त्या वेळी... खाली... तुला तुझ्या वडिलांचं बोलणं आठवलं होतं का?"

नाही म्हण, तो मनात म्हणत होता. नाही म्हण, मी मान डोलावीन, आत जाऊन रूडीला घराबाहेर काढीन आणि मरेपर्यंत तुला पुन्हा विचारणार नाही.

"आठवलं होतं," अल्बीना म्हणाली.

त्याने व्हरांड्याचा खांब धरला.

"आत चल," ती म्हणाली. "दोनदा सांगायची ताकद नाही माझ्यात. सगळ्यांसमोर एकदाच सांगते."

"नको. कशाला? बसू दे त्याला बोंबलत."

"त्याच्यासाठी नाही. तू आत्ता खांब धरलास, एमिल. माझा हात जवळ होता."

*

आत येऊन ती बसली नाही. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली, चर्चमध्ये वाचायला उभं राहतात तशी. जोलीनच्या हातात पेन्सिल होती आणि ती पेन्सिल कुठे लपवावी हे तिला कळत नव्हतं.

"लिही," अल्बीना म्हणाली. "पुसू नकोस. मी विसाव्या वर्षात होते. या घरात येऊन चार महिने झाले होते. तुझी आजी वाईट नव्हती, पण मी तेसारांची होते. ओंडक्यांवरून घरं ओढणाऱ्याची मुलगी, गावोगाव हिंडणाऱ्याची. मी पाव भाजला की ती म्हणायची, 'तुमच्याकडे असा करतात वाटतं?' बस्स, एवढंच. रोज एवढंच."

"आईला मध्ये आणू नकोस," रूडी म्हणाला.

"आई मध्येच होती, रूडी. ऐक. खाली उतरलो तेव्हा ती चांगल्या कोपऱ्यात बसली. मी तिच्याकडे गेले, तर म्हणाली, 'इथे भरलंय. तू टेबलाखाली जा.' मी गेले. इर्मा माझ्यामागे पळत आली. ती माझ्याच मागे असायची, तुम्हाला ठाऊक आहे. माझ्या कुशीत शिरली. आणि तेव्हा मला वडिलांचा आवाज ऐकू आला. कानात बोलावं तसा. 'ईशान्येला, नाहीतर जाड टेबलाखाली.' मी बरोबर जागी होते. पोरगी बरोबर जागी होती."

"बघा," रूडी टेबलावर हात आपटून म्हणाला. "बघा! स्वतःच्या तोंडाने."

"आणि मला लाज वाटली," अल्बीना म्हणाली.

कोणाला काही कळलं नाही.

"लाज वाटली. वडिलांची. सगळा मंडप हसला होता ना त्यांना. मी नवी नवरी, मीही हसले होते, खाली मान घालून. मला तुमच्यातली व्हायचं होतं. मनात आलं, इथे बसून मी त्या म्हाताऱ्याच्या खुळ्या गोष्टीवर विश्वास ठेवतेय, आणि यांची पोर माझ्यामुळे वाईट कोपऱ्यात मरेल. मग सगळे म्हणतील, तेसारांच्या मुलीने मारली. म्हणून मी ओरडले, 'सासूबाई, हिला तरी घ्या.' ती म्हणाली, 'पाठव.' इर्मा जाईना. झगा धरून बसली. मी तिची बोटं सोडवली. दोन्ही हातांनी ढकललं. रूडी बरोबर सांगतोय. दोन्ही हातांनी." तिने ओठ आवळले. "जगात एकच माणूस मला खरं सांगून गेला होता, त्याच्यावर मी विश्वास ठेवला नाही. तुमच्यावर ठेवला. हे लिही."

जोलीनने ते लिहून घेतलं.

एमिल बायकोच्या शेजारी येऊन उभा राहिला. हात लावला नाही, पण उभा राहिला. फिलिसने नाक पुसलं आणि नवऱ्याकडे असं पाहिलं, की रूडीने नजर वळवली.

"गोष्ट छान रचलीय," तो म्हणाला. "सदतीस वर्षं वेळ होता."

"रूडी!" फिलिस म्हणाली. "पुरे झालं आता."

"का पुरे? तू कालपर्यंत काय म्हणायचीस? माझ्या पोरीला तिच्या मांडीवर..."

"म्हणायचे. तुझं ऐकून म्हणायचे. तिच्या तोंडून आज पहिल्यांदा ऐकतेय."

जोलीन लिहिलेलं परत वाचत होती. वर्गातल्या मुलांचे निबंध तपासताना थांबते तशी ती एका ओळीपाशी थांबली. "काकू, एक विचारू? आजी आधी म्हणाली, कोपरा भरलाय. मग म्हणाली, पाठव. मग जागा कुठून झाली?"

अल्बीना ताटं गोळा करायला लागली.

"काकू?"

"झाली. लहान पोरगी, तिला जागा किती लागते?"

"पण आत्ताच तू म्हणालीस, भरलं होतं. भरलं नसतं तर तुला का नाही घेतलं?"

"मला नीट आठवत नाही. अंधार होता."

"उजेड होता," जोलीन म्हणाली. "बाबांनी पाहिलं ना, तू ढकललंस ते."

तिने सहज म्हटलं होतं. पण म्हणताना ती वडिलांकडे वळली आणि तिला दिसलं की रूडीचा चेहरा राखेसारखा झाला आहे. तो पहिल्यांदाच अल्बीनाकडे सरळ पाहत होता. अल्बीना ताटांवर ताटं ठेवत होती, जपून, आवाज न करता, झोपलेल्या माणसाच्या खोलीत ठेवावीत तशी.

"तू का नाही सांगत?" रूडीने विचारलं.

"काय सांगू?"

"मी एवढं बोललो तुला. वडिलांचे कान भरले. तुला एका वाक्यात माझं तोंड बंद करता आलं असतं. कधीही. का नाही सांगितलंस?"

"पंधरा वर्षांचा होतास," अल्बीना म्हणाली. "नंतर... नंतर वेळ निघून गेली."

रूडी खाली बसला. आधीच बसलेला माणूस आणखी खाली बसावा तसा.

"जोलीन, लिही," तो म्हणाला. "जागा माझी होती. त्या कोपऱ्यात, आईच्या शेजारी, भिंतीला पाठ लावून मी बसलो होतो. आई म्हणाली, 'रूडी, तू मोठा आहेस, ऊठ, हिला बसू दे.' मी उठलो. जिन्याखाली जाऊन उभा राहिलो. इर्मा माझ्या जागेवर बसली." तो थांबला. "भिंत त्या जागेवर पडली."

"बाबा..."

"थांब. संपलं नाही. मला राग आला होता उठताना. मोठा मोठा म्हणून नेहमी मलाच उठवायचे. जाता जाता मी तिच्या दंडाला चिमटा काढला. जोरात. ती ओरडली, 'आई गं!' आणि त्याच वेळी ती घरघर सुरू झाली, डोक्यावरून मालगाडी गेल्यासारखी. नंतर काही नाही." त्याने दोन्ही हात टेबलावर उताणे ठेवले. "तिचं शेवटचं बोलणं वाऱ्यामुळे नव्हतं. माझ्यामुळे होतं. मी रोज तुझे हात आठवत राहिलो, अल्बीना. तुझे हात आठवले, की माझे आठवायचे नाहीत."

फिलिसने त्याच्या पाठीवर हात ठेवला. एमिल धाकट्या भावाकडे पाहत होता, आणि कोणावर रागवावं हे त्याला सुचत नव्हतं. आईवर, बापावर, त्या गाण्यावर, की तबेल्यातल्या घोड्यांवर, ज्यांना सोडायला तो गेला होता.

अल्बीनाने ताटं खाली ठेवली.

"ते तिचं शेवटचं नव्हतं," ती म्हणाली.

रूडीने वर पाहिलं.

"तू जिन्याकडे वळला होतास. तुझी पाठ होती. तुझ्या आईने तिचा दंड चोळला आणि काहीतरी म्हणाली. आणि इर्मा हसली. तुला वेडावून दाखवलं तिने, पाठमोऱ्याला, जीभ काढून. मग हसली. खळखळून. मला ऐकू आलं."

"तुला ऐकू आलं?"

"टेबलाखालून. स्वच्छ."

रूडी तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहिला. खोटं पकडायला सदतीस वर्षं सरावलेली ती नजर, एकेक सुरकुती तपासत गेली. अल्बीनाने पापणी हलवली नाही. ती घरघर सुरू झाल्यावर त्या तळघरात स्वतःची किंकाळीसुद्धा स्वतःला ऐकू येत नव्हती. बरण्या फुटल्या, त्या आवाज न होता फुटल्या. हे आता या खोलीत दोघांनाच ठाऊक होतं.

"बाबा," जोलीनने विचारलं, "हे लिहू?"

"लिही," रूडी म्हणाला. "इर्मा हसली, असं लिही. सही मी करतो."